खिशात उरलेला धागा

बक्कलकाकांचं खरं नाव त्यांच्या नोकरीच्या कागदांवर आहे, आणि ते कागद कुठल्या कपाटात कुठल्या कप्प्यात आहेत हे फक्त काकूंना माहीत आहे. बाकीच्या जगासाठी ते बक्कल. याला जबाबदार त्यांच्या लग्नाचा फोटो. तेव्हा ते बस दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये सीटा शिवायला नुकते लागले होते. अंगावर मांस नावाला, आणि लग्नातली पँट घसरू नये म्हणून एका दोस्ताचा पट्टा आवळून बांधलेला. त्या पट्ट्याचं पितळी बक्कल बशीएवढं होतं. फोटोवाल्याचा दिवा नेमका त्यावर चमकला. फोटोत नवऱ्याचं तोंड धड दिसत नाही, नवरी अर्धीच दिसते, बक्कल तेवढं लखलखतंय. हा फोटो वर्कशॉपात एकदा फिरला आणि त्या दिवसापासून माणसाचं नाव गेलं ते गेलंच.

योगायोग बघा, उतारवयात त्यांच्या हाती कामही बकलांचंच आलं. निवृत्तीनंतर काका घरी बसून काकूंच्या प्रत्येक कामात लुडबुड करायला लागले. पंधरा दिवस काकूंनी सोसलं आणि सोळाव्या दिवशी ओळखीच्या एका गॅरेजवाल्याकडे पिटाळलं. गॅरेजच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड होती. तिथे काका गाड्यांना हार्नेस बसवायला लागले. हार्नेस म्हणजे सहा पट्ट्यांचं जाळं. दोन पट्टे खांद्यांवरून येतात, दोन कमरेवरून, दोन पायांच्या मधून, आणि सगळे पोटावरच्या एका गोल बकलात अडकतात. बक्कल फिरवलं की सहाही एकदम सुटतात.

गिऱ्हाईक मात्र जगावेगळं. आठवडाभर ज्या गाडीतून कामाला जायचं, तीच गाडी रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर जीव खाऊन पळवायची. संसारही त्याच कपड्यांत आणि कुस्तीही त्याच कपड्यांत, अशी ही हौस. त्यातले बरेचसे आले की पहिलं वाक्य हेच टाकतात, की कंपनीचा पट्टा काढून टाका, आता हार्नेस आहे ना. इथे काकांचा पारा चढतो.

"रस्त्यावर हार्नेस बांधून बसलात तर दोन्ही खांदे सीटला जखडले जाणार," ते सांगतात. "चौकात जरा पुढे वाकून बघायचं म्हटलं तर मान फिरेल, अंग हलणार नाही. रस्त्यावर कंपनीचाच पट्टा, ट्रॅकवर हा. पटत असेल तर गाडी आत घ्या, नाहीतर गेट उघडंच आहे."

दुसरा नियम मापाचा. नुसती गाडी पाठवून चालत नाही. जो चालवणार त्याने स्वतः यायचं, हेल्मेट घालून सीटवर बसायचं, मग मापं. आणि तिसरा नियम म्हणजे परीक्षा. काम झालं की काका गिऱ्हाइकाला हार्नेसमध्ये बांधतात, डोळे मिटायला लावतात आणि दहा आकडे मोजतात. तेवढ्यात न बघता बक्कल फिरवून, सगळ्या पट्ट्यांतून सुटून गाडीबाहेर उभं राहता आलं पाहिजे. एका धिप्पाड वकिलाला यासाठी त्यांनी सतरा वेळा बसवलं-उठवलं होतं. वकिलाने कायद्याची भाषा काढली, तरी काका आकडे मोजतच राहिले.

पण काकांच्या कामातली खरी गंमत म्हणजे धागे. त्याची सुरुवात लग्नाच्या पहिल्याच वर्षी झाली. वर्कशॉपात एका बसच्या ड्रायव्हरची सीट बसवताना काका दोन बोल्ट आवळायला विसरले. बस वळणावर गेली आणि ड्रायव्हर सीटसकट कलंडला. वेग नव्हता म्हणून निभावलं, पण साहेबांनी काकांना सगळ्यांसमोर असं झापलं की ते घरी येऊन जेवलेच नाहीत. काकू तेव्हा नव्या नवरी. बायकांचे कपडे शिवायच्या, त्यामुळे घरात रिळांची कमतरता नव्हती. त्यांनी पिवळ्या जाड धाग्याचं रीळ काढलं आणि बोटभर लांबीचे तुकडे कापले.

"उद्या किती बोल्ट आहेत?" त्यांनी विचारलं.

"आठ."

"हे आठ धागे. एक बोल्ट आवळला की त्याला एक धागा बांधायचा. खिशात धागा उरला तर घरी यायचं नाही."

तेव्हापासून छत्तीस वर्षं हे चाललंय. सकाळी डब्यासोबत धाग्यांची पुरचुंडी. जेवढी टोकं तेवढे धागे, काकूंनी मोजलेले. हार्नेसची टोकं सहा, म्हणून धागे सहा. छत्तीस वर्षांत काकांच्या खिशात धागा उरला तो फक्त तीन वेळा, आणि तिन्ही वेळा खरोखरच काहीतरी राहून गेलेलं निघालं होतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे काकांचं डोकं. ते पहिल्यापासून विसरभोळे. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर. एकदा तर मुलीला शाळेतून आणायला गेले आणि शिक्षकांशी गप्पा मारून एकटेच परत आले. काकू म्हणजे घराची वही. कोणाचा वाढदिवस, कोणाचा फोन नंबर, कुठल्या डब्यात काय, सगळं तोंडपाठ. त्यामुळे गेल्या सहा-आठ महिन्यांत घरात जे काही चमत्कारिक घडायला लागलं, ते कोणी न विचारताच काकांच्या नावावर जमा झालं. किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या. टाकी रिकामी होईपर्यंत नळ चालू राहिला. एका दुपारी गॅसवर दूध जळून कोळसा झालं आणि घरभर धूर.

"मी कधी ठेवलं दूध?" काका गोंधळून विचारायचे.

"मग मी ठेवलं?" काकू म्हणायच्या. काकू काही विसरत नाहीत, हे त्यांना सूर्य उगवतो तसं ठाऊक होतं. दूध ठेवल्याचं आठवत नाही म्हणजेच आपण ठेवलं असणार, असा त्यांचा हिशोब. पुढेपुढे तर त्यांना दूध ठेवल्याचं थोडंथोडं आठवायलाही लागलं.

मुलगी दुसऱ्या शहरात. तिने फोनवर हे सगळं ऐकलं आणि डोक्याच्या डॉक्टरांची वेळ घेण्याचा धोशा लावला. काका तिला उडवून लावत होते. पण मनातून ते टरकले होते. दूध जळलं तर भांडं घासता येतं. हार्नेसचा पट्टा राहिला तर काय घासणार? त्यांनी कोणाला न सांगता ठरवून टाकलं होतं की कामात एक जरी चूक निघाली, तरी त्याच दिवशी शेडला कुलूप.

त्या शुक्रवारी दातांची डॉक्टरीण आली. पस्तिशीची, बुटकी, बोलघेवडी, छोटी लाल गाडी. गॅरेजवाल्याने तिच्या सीटमागे लोखंडी कमान आधीच बसवून दिली होती. सीटही खास, पट्ट्यांना खाचा असलेली. रविवारी तिची पहिली ट्रॅक फेरी होती, आणि उत्साह असा की दवाखाना बंद ठेवून आली होती. कंपनीचा पट्टा राहणार हे तिने एका वाक्यात मान्य केलं, त्यामुळे काका खूश.

बायका गिऱ्हाईक असल्या की मापं काकू घेतात. शेडमध्ये येऊन, टेप गळ्यात अडकवून, अगदी कपड्यांची मापं घ्यावीत तशा. त्या आकडा सांगतात, काका वहीत लिहितात. त्या दिवशी वहीत खांद्याचं माप अडतीस सेंटिमीटर लिहिलं गेलं. काकांनी पट्टा तेवढा सोडून बघितला तर तो तोकडा पडला. काकूंनी पुन्हा टेप लावली, अठ्ठेचाळीस भरले.

"लिहिताना लक्ष कुठे असतं हो तुमचं?" काकू म्हणाल्या.

"काकू, रागावू नका. माझे पेशंट तर डावी दाढ दुखते म्हणून उजवी दाखवतात," डॉक्टरीण हेल्मेटच्या आतून म्हणाली. काकांनी आकडा खोडून अठ्ठेचाळीस लिहिले.

मापं झाल्यावर काकू घरी गेल्या आणि काका कामाला लागले. सहाही टोकांची रीत एकच. पट्टा कमानीच्या दांड्याभोवती किंवा तळाच्या कडीतून घ्यायचा, तीन दांड्यांच्या छोट्या चौकटीतून परत आणायचा, आणि शेवटी त्याचं टोक उलटं वळवून पुन्हा त्याच चौकटीत खोचायचं. हा शेवटचा फेरा राहिला तर हाताने ओढून काही समजत नाही, पट्टा घट्टच लागतो. तो सरकतो जोराचा हिसका बसल्यावर. शेवटचा फेरा झाला की काका चौकटीला पिवळा धागा बांधतात.

खांद्याचे दोन झाले. कमरेचे दोन झाले. पायांमधल्या पट्ट्यांची टोकं सीटच्या खाली असतात, तिथे काका पाठीवर झोपून काम करतात. पाचवं झालं. सहावं हातात असताना फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, बुधवारी सकाळी अकराची वेळ मिळालीय. नाही म्हणायचं नाही."

"मी आत्ता गाडीखाली आहे गं."

"तुम्ही नेहमीच गाडीखाली असता. गॅसचं काय झालं ते आईने सांगितलं मला."

पाच मिनिटं वाद झाला. मग काका सीटखालून बाहेर आले, गालिचा परत बसवला, डॉक्टरणीची परीक्षा घेतली. ती नवव्या आकड्याला बाहेर उभी होती. गाडी गेली.

शनिवारी दुपारी कामाचा ॲप्रन धुवायला टाकताना काकांनी खिसे तपासले. एका खिशात खडू निघाला. दुसऱ्यात पिवळा धागा निघाला.

काका तो धागा तळहातावर घेऊन उभेच राहिले. मग तसेच स्वयंपाकघरात गेले.

"अगं, काल धागे किती दिले होतेस?"

"सहा."

"नक्की?"

काकूंनी चिरत असलेली भाजी खाली ठेवली. "सहा टोकांना सहाच देते ना मी? आजवर कधी कमी-जास्त झालंय?" मग त्यांची नजर तळहातावर गेली आणि चेहरा उतरला. "अगोबाई. राहिला?"

काकांची पाचावर धारण बसली. त्यांनी डोळे मिटून शुक्रवार आठवायला सुरुवात केली. सहावं टोक, चौकट, पट्टा. शेवटचा फेरा घालताना बोटं दुखली होती हे त्यांना लख्ख आठवत होतं. पण ती पाचव्याच्या वेळी दुखली की सहाव्याच्या? धागा बांधताना दातात धरला होता. पण तो तर ते प्रत्येक वेळी धरतात. फोन वाजला तेव्हा पट्टा डाव्या हातात होता की चौकटीत? एकदा वाटे, झालं होतं, अगदी शंभर टक्के. मग दुधाचं भांडं आठवे आणि ते शंभर टक्के कुठल्या कुठे जाई. स्वतःच्याच हातांनी केलेलं काम स्वतःला ठाऊक नाही, याचं त्यांना रडू यायचं बाकी होतं.

त्यांनी डॉक्टरणीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दवाखान्यात विचारलं तर कळलं की बाई ट्रॅकजवळच मैत्रिणीकडे मुक्कामाला गेल्या आहेत, सोमवारी येतील. काकांनी निरोप पाठवले, एकदा लिहून, दोनदा बोलून. उत्तर नाही. रात्र कशी गेली ते विचारू नये.

रविवारी सकाळी काकांनी स्कूटर काढली. काकूही पर्स घेऊन तयार.

"तू कशाला?"

"वाट तुम्हाला सापडणार आहे का?" काकू मागे बसत म्हणाल्या. काकांनी किक मारली.

ट्रॅक म्हणजे शहराबाहेरची विमानांची एक जुनी, वापरात नसलेली धावपट्टी, टायर मांडून वळणं केलेली. कडेला टायरांच्या रांगा, एक तंबू, नारिंगी जाकिटातली माणसं आणि गाड्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज. काका पोचले तेव्हा लाल गाडी रांगेत होती. तिच्या पुढे फक्त दोन गाड्या. डॉक्टरीण हेल्मेट घालून, सहाही पट्टे आवळून आत बसलेली. काका आयुष्यात बसच्या मागे धावले नव्हते, ते त्या दिवशी धावले आणि दोन्ही हात पसरून लाल गाडीच्या पुढ्यात उभे राहिले.

नारिंगी जाकीटवाला ओरडत आला. "ओ काका! मरायचंय का?"

"ही गाडी आत जाणार नाही."

"सकाळी तपासणी झालीय. मी स्वतः पट्टे ओढून बघितलेत."

"ओढून कळत नाही," काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "बसवलाय मी. मला माहीत नाही बसवलाय की नाही."

हे वाक्य ऐकून जाकीटवाल्याच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते बघून दुसरा कोणी असता तर शरमेने मेला असता. काका हलले नाहीत. मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या. डॉक्टरणीने काच खाली केली, काकांचा चेहरा बघितला, बक्कल फिरवलं आणि बाहेर आली. आठव्या आकड्याला, हे काकांनी तशातही मोजलं.

गाडी बाजूला घेतली. काकांनी सगळं सांगितलं, धागा काढून दाखवला. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तिने हेल्मेट काढून टपावर ठेवलं.

"काका, एकदा एका आजोबांची दाढ काढली. संध्याकाळी घरी जाताना वाटलं, आत कापूस राहिला. गेले की त्यांच्या घरी. आजोबा जेवायला बसले होते, त्यांना आ करायला लावला सगळ्यांसमोर."

"होता कापूस?"

"नव्हता. पण मी जेवले त्या दिवशी. बघा तुम्ही सावकाश."

काकांनी बॅटरी घेतली. सीटमागची कमान आधी. डावा खांदा, फेरा पुरा, पिवळा धागा. उजवा खांदा, धागा. कमरेचा डावा, कमरेचा उजवा, दोन्हींना धागे. मग गालिचा उचलून ते सीटखाली सरकले. पाचव्याला धागा होता. सहाव्याकडे बॅटरी वळवायला त्यांचा हात धजेना. एवढा वेळ ते तिथे पडून होते की काकूंनी वाकून विचारलं, "अहो, काय दिसतंय?"

पिवळा धागा दिसत होता. पट्ट्याचं टोक चौकटीत उलटं खोचलेलं, बोटभर शेपूट बाहेर, आणि चौकटीला काकांचीच गाठ. त्यांनी बोट लावून बघितलं. शेवटचा फेरा जसा हवा तसा होता. त्यांनी सहाही टोकं परत पहिल्यापासून तपासली, धाग्यांना हात लावत मोजली. सहा.

काकांचा जीव भांड्यात पडला. ते सीटखालून बाहेर आले तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते धुळीमुळे आहे असं त्यांनी तिघांनाही वेगवेगळं सांगितलं. जाकीटवाल्याने पाण्याची बाटली दिली. डॉक्टरीण परत आत बसली, काकांनी स्वतःच्या हाताने पट्टे आवळले, आणि पुढच्या फेरीला लाल गाडी धावपट्टीवर गेली. पहिल्याच वळणावर ती अशी काही तिरकी झाली की काकूंनी डोळेच झाकले. पण डॉक्टरीण आत खिळून बसल्यासारखी होती, तसूभर हलली नाही.

काका आणि काकू टायरांच्या रांगेवर बसले. काकांना हलकं वाटत होतं. शेडला कुलूप नको. हात शाबूत आहेत, डोकंही शाबूत आहे, सहाच्या सहा बरोबर. ते गुणगुणायलाही लागले. गुणगुणतच त्यांनी खिशात हात घातला, आणि बोटांना तो धागा लागला.

सहा गाडीत आहेत. मग हा कुठला?

काका पुन्हा गोंधळात पडले. आदल्या कामाचा म्हणावा तर ॲप्रन मागच्या शनिवारी धुतलेला, खिसे त्यांनीच उलटे करून बघितले होते, आणि त्यानंतरचं हे पहिलंच काम. दुसरा धागा त्यांच्याकडे येणार कुठून? पिवळं रीळ एकच, ते काकूंच्या पर्समध्ये, कात्रीही तिथेच. धागे कापते ती, मोजते ती. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती गाड्या बघत होती, उन्हाला हात आडवा धरून.

"अगं," ते म्हणाले, "मंगळवारी एक काम आहे. धागे कापून ठेवतेस?"

"आत्ता? इथे?"

"मग मी विसरेन."

हे कारण काकूंना पटलं. त्यांनी पर्समधून रीळ काढलं, कात्री काढली, आणि मांडीवर एकेक तुकडा टाकत मोजायला लागल्या. "एक. दोन. तीन. चार." लाल गाडी समोरून सूं करत गेली. काकूंनी मान वर करून पाहिलं, परत खाली बघितलं. "चार. पाच. सहा. घ्या."

मांडीवर सात धागे होते.

गाडीमुळे झालं असेल, काकांनी मनाशी म्हटलं. गाडी नेमकी मधे आली. कोणाचंही होईल. ट्रॅकवर आता गाड्या थांबल्या होत्या, दोन फेऱ्यांच्या मधली शांतता होती.

"परत मोज बघू एकदा," ते म्हणाले. "माझ्यासाठी."

"काय माणूस आहे," म्हणत काकूंनी धागे एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवायला सुरुवात केली. बोट लावून, शाळेतल्या मुलीसारखं. "एक. दोन. तीन. चार. पाच." त्या थांबल्या. कोणी आवाज केला नव्हता. सहावा धागा चिमटीत धरून त्या क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. "पाच," त्या म्हणाल्या, आणि तो ठेवला. मग शेवटचा उचलला. "सहा. झालं समाधान?"

काकांना दुधाचं भांडं आठवलं. गॅससमोर आपण उभे असल्याचं त्यांना गेले दोन महिने आठवत होतं, ते चित्र आता पुसून गेलं, आणि तिथे कोणीच उभं नव्हतं. वहीतले अडतीस आठवले. त्या दिवशी काकूंच्या तोंडून अडतीसच निघाले होते. त्यांनी ऐकलं ते लिहिलं होतं. किल्ल्या, नळ, सगळं त्यांच्यासमोर एकेक करून उलटं फिरलं. सीटखाली पडल्या पडल्या त्यांना जी भीती वाटली होती, ती आता काहीच नव्हती असं वाटलं. स्वतःचं डोकं गेलं असतं तरी चाललं असतं. ती होती सांगायला.

"झालं का समाधान, विचारतेय मी."

"झालं," काका म्हणाले. "सहाच आहेत. कालचाही माझाच घोळ. जुना धागा खिशात राहिला असेल. काही लक्षात राहत नाही गं माझ्या."

माझाच घोळ, हे काका छत्तीस वर्षं म्हणत आले होते. खोटं त्यांनी ते आज पहिल्यांदा म्हटलं.

काकूंनी सातही धागे गोळा करून पुरचुंडी बांधली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिशात ठेवली, शुक्रवारच्या धाग्याशेजारी. मग फोन काढला आणि मुलीला लावला.

"बुधवारी येतो मी," ते म्हणाले. "अकराला. हो, खरंच येतो. आणि ऐक, त्यांना सांग दोघं येणार आहोत. वेळ दोघांसाठी लागेल." पलीकडून मुलीने काहीतरी विचारलं. "आल्यावर सांगतो," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. "कुठे जायचंय बुधवारी?"

"डोक्याच्या डॉक्टरांकडे. तू येशील ना सोबत?"

"म्हणजे काय," काकू पर्स आवरत म्हणाल्या. "मी नको तिथे? डॉक्टर दहा प्रश्न विचारतील. तुम्हाला आठवणार आहे का त्यातलं काही?"